अर्धं भिंग झाकलं तर प्रतिमा अर्धीच मिळणार ना?

मृण्मयी_ठाणे (शुक्रवार, रात्री ९.५०)

मंडळी, विषय दहावीचा आहे पण भांडण मोठ्या माणसांचं आहे, म्हणून इथे आणतेय.

चिरंजीव दहावीत. क्लासच्या चाचणीत प्रश्न होता: बहिर्वक्र भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर पडद्यावरच्या प्रतिमेत काय फरक पडेल? पठ्ठ्याने लिहिलं, 'प्रतिमा पूर्णच मिळेल, फक्त अंधूक होईल.' सरांनी लाल काट मारून शेजारी लिहिलं, 'अर्धी'. दोन गुण गेले.

नवरा मेकॅनिकल इंजिनीअर. तो म्हणतो सर बरोबर आहेत, खिडकीचा पडदा अर्धा ओढला की बाहेरचं अर्धंच दिसतं, यात विचारायचं काय? मला शाळेतली किरणाकृती आठवते. वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर निघालेला किरण भिंगाच्या वरच्या भागावर पडतो आणि पलीकडच्या नाभीतून जातो. वरचा भागच झाकला तर तो अडला. मग टोकाची प्रतिमा बनायची कशी? म्हणजे मीही 'अर्धी'वालीच. चिरंजीव मात्र हटून बसलाय, आणि का ते त्याला सांगता येत नाही. 'व्हिडिओत बघितलं' हे उत्तर आमच्या घरात चालत नाही.

पैज लागली आहे. हरणाऱ्याने आठवडाभर रात्रीची भांडी घासायची. कोणी समजेल असं सांगेल का? सूत्र नको, सूत्र त्याला पाठ आहे.

तिरकस (९.५८)

अर्धं भिंग झाकलं तर निदान अर्धे गुण मिळायला हवे होते. दोनातला एक. क्लास बदला.

इषय हार्ड (१०.०२)

रुमाल टाकून ठेवतो. भौतिकशास्त्रात काय गती नाही, भांडी कोण घासतंय ते बघायला येणार.

शंकासुर (१०.१५)

मी सरांच्या आणि तुमच्या यजमानांच्या बाजूने. मोबाइलने फोटो काढताना कॅमेऱ्यापुढे बोट आलं की फोटोचा तेवढा कोपरा जातो की नाही? प्रत्येकाच्या गॅलरीत असे पन्नास फोटो असतील. भिंगाचा भाग झाकला, प्रतिमेचा भाग गेला. प्रयोग रोज होतोय, पुरावा खिशात आहे.

मृण्मयी_ठाणे (१०.२१)

शंकासुर, नवऱ्याला वाचून दाखवलं. भलताच खूश झालाय. 'कोण आहेत हे? हुशार दिसतात' म्हणाला.

खडूफळा (११.०५)

मृण्मयीताई, चिरंजीवांचं उत्तर बरोबर आहे. प्रतिमा पूर्ण, उजेड कमी. काट मारणाऱ्या सरांवर फार रागावू नका. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि त्यातली पहिली दोन वर्षं हेच 'अर्धी' शिकवलं. एकदा प्रयोगशाळेत मुलांसमोर भिंग झाकून दाखवायला गेलो आणि मलाच घाम फुटला.

घोळ त्या किरणाकृतीने घातलाय. फळ्यावर आपण दोन किरण काढतो, एक समांतर आणि एक प्रकाशीय केंद्रातून सरळ जाणारा. हे दोनच का? तर त्यांची वाट आधीच ठाऊक असते, पट्टी ठेवली की रेघ. ती आपली सोय झाली. मेणबत्तीला त्याचं काही देणंघेणं नाही. ज्योतीच्या टोकावरच्या एका ठिपक्यातून प्रकाश सगळीकडे उधळतो आणि सबंध भिंगभर पडतो. कुठेही पडू दे, तिथून वळून तो पलीकडे त्याच एका ठिपक्यात येतो. तुमचा समांतर किरण अडला? अडू दे की. खालच्या अर्ध्यातून बाकीचे येतच आहेत, त्याच जागी.

वर्गात मी वारीचं उदाहरण द्यायचो. मुक्कामाच्या गावात शंभर दिंड्या शिरल्या. माणसं चहाला, अंघोळीला, भाकरीला पांगली आणि एकमेकांत पार मिसळली. गावाबाहेर माळावर प्रत्येक दिंडीचं निशाण ठरल्या जागी रोवलेलं आहे. गावातून माळावर जायला दहा वाटा, आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक जाणता माणूस उभा. '२७ नंबर? डावीकडून सरळ जा माउली.' तुम्ही कुठल्याही वाटेने या, तो तुम्हाला तुमच्याच निशाणाकडे धाडणार. आता दहांतल्या पाच वाटा बंद करा. २७ नंबरची निम्मी माणसं अडकली, ४२ नंबरची निम्मी अडकली. पण माळावर एकही निशाण ओस नाही. सगळ्या दिंड्या हजर, फक्त टाळांचा आवाज निम्मा.

दिंडी म्हणजे वस्तूवरचा एक ठिपका. वाट म्हणजे भिंगाचा एक तुकडा.

आणि भिंगच काढून घेतलं तर? माणसं माळावर पोचतात, पण वाट दाखवायला कोणी नाही. सगळ्या दिंड्यांची सरमिसळ. पडदा उजळलेला असतो, चित्र मात्र कशाचंच नसतं.

वऱ्हाडी ठेचा (११.१२)

बापा! मले दहावीत सायन्समदी ३६ भेटले होते. तवा असं सांगनारा मास्तर भेटला असता तर ४० तरी भेटले असते.

अवांतरबाई (११.२०)

खडूफळा, दंडवत. वारीचं वाचून एकदम पिठलं-भाकरीचा वास आला.

पण एक शब्दाचा कीस काढू द्या. 'अंधूक' म्हणजे नक्की काय? माझ्या लेखी अंधूक म्हणजे उजेड कमी आणि कडाही पुसट, दोन्ही. चष्मा काढला की मला जग अंधूक दिसतं, उजेड काही कमी होत नाही. मुलाला 'मंद' म्हणायचं असणार.

खडूफळा (११.३१)

अवांतरबाई, कीस चांगला काढलात. 'मंद' किंवा 'फिकट' हेच नेमकं. उलट साधं भिंग अर्धं झाकल्यावर कडा किंचित रेखीवही होतात, कारण भिंगाच्या काठाजवळून येणारा प्रकाश नेमका त्या ठिपक्यात पोचत नाही, थोडा अलीकडे-पलीकडे पडतो. काठाशी उभी असलेली माणसं वाट जरा चुकीची दाखवतात म्हणा. कॅमेऱ्याचं तोंड बारीक केलं की फोटो सुधारतो, त्याचं एक कारण हे.

शंकासुर (११.४०)

उपमा गोड आहे. पण विज्ञानात उपमेने सिद्ध होत नाही आणि माझं बोट अजून फोटोत आहे. त्याचं काय?

तिरकस (११.४२)

बोट काढा.

ओहायोकर (शनिवार, सकाळी ६.१०)

शंकासुर यांचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. दोघंही बरोबर आहेत, फक्त झाकण्याच्या जागा वेगळ्या आहेत.

मोबाइलवर दिसते ती वरची काच म्हणजे नुसतं झाकण. प्रकाश आत घेणारं खरं तोंड त्याच्या थोडं आत असतं, आणि ते असतं जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं. आता उजवीकडच्या झाडाचा प्रकाश त्या इवल्या तोंडात शिरायचा तर तो झाकणाच्या उजव्या बाजूने तिरका येणार, डावीकडच्या भिंतीचा डाव्या बाजूने. म्हणजे झाकणाच्या काचेवर कुठल्या दिशेचा प्रकाश कुठून आत येणार, याची वाटणी आधीच झालेली आहे. बोट तिथे पडलं की एक दिशाच अडते. म्हणून कोपरा जातो. यजमानांच्या खिडकीचंही हेच आहे. बुबुळाचं भोक बारीक आणि खिडकी हातभर पुढे, त्यामुळे खिडकीचा प्रत्येक तुकडा एकेका दिशेचा मालक.

भिंगाला चिकटून झाकलं तर ही वाटणी नसते. तिथे सगळ्या दिशांचा प्रकाश भिंगाच्या सगळ्या भागांवर पडत असतो. कोणाकडे मोठी टेली लेन्स असेल तर ती पूर्ण उघडी ठेवून दूरच्या इमारतीवर फोकस करा आणि लेन्सच्या तोंडाशी पेन्सिल आडवी धरा. फोटोत पेन्सिल शोधून दाखवा, मिसळ माझ्याकडून.

जाता जाता, यजमानांना सांगा की ते एकटे नाहीत. अमेरिकेत १९८७ साली गोल्डबर्ग आणि मॅकडरमॉट यांनी भौतिकशास्त्र शिकून झालेल्या कॉलेजच्या मुलांना हेच विचारलं होतं. अर्धं भिंग झाकलं तर काय, भिंग काढलं तर काय, पडदा काढला तर काय. 'अर्धी प्रतिमा' म्हणणारे तिथेही भरपूर निघाले.

इषय हार्ड (७.४५)

ओहायोतनं मिसळ पाठवणार व्हय? नाद खुळा.

जुनाफोटोवाला (९.३०)

आमच्या वडिलांचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. लाकडी कॅमेरा, तिकाटणं, डोक्यावरून काळं फडकं. लहानपणी त्या फडक्यात शिरायला मिळणं म्हणजे दिवाळी. आत दुधी काचेवर नवरा-नवरी डोक्यावर उभे दिसायचे, मुंडावळ्या वरच्या बाजूला लोंबताहेत, आणि बाहेर दोघं अगदी गंभीर.

एका लग्नात मांडवातल्या पोराने तिकाटण्याला पाय अडकवला आणि कॅमेरा आडवा झाला. भिंगाच्या काठाला शेंगदाण्याएवढा टवका उडाला. वडील दोन दिवस जेवले नाहीत, कारण नवीन भिंग परवडण्यातलं नव्हतं. मग मुंबईचा एक म्हातारा कारागीर म्हणाला, 'टवक्यावर काळा रंग लाव आणि विसरून जा.' रंग एवढ्यासाठी, की तुटलेल्या कडेवरून प्रकाश वेडावाकडा विखरू नये आणि सगळ्या फोटोवर पांढुरकी झाक येऊ नये. लावला. त्यानंतर त्याच भिंगाने कित्येक वर्षं लग्नं, मुंजी, बारशी, पोलिसपाटलाची साठी, सगळं निघालं. एकाही गिऱ्हाइकाचा कान तुटलेला आला नाही.

पण टवका कुठे दिसायचा सांगतो. रात्रीच्या फोटोत मागे रोषणाईचे दिवे असले आणि ते फोकसबाहेर असले की प्रत्येक दिव्याची गोल टिकली उमटते. आमच्या फोटोत त्या टिकल्या एका बाजूने उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारख्या यायच्या. झाडून सगळ्या, एकाच बाजूने. वडील सांगायचे, 'ही आमच्या स्टुडिओची सही.'

ओहायोकर (९.४१)

जुनाफोटोवाला, क्या बात है! खडूफळांच्या माळावर निशाणाच्या दहा पावलं अलीकडेच माणसं थांबवली तर ती ज्या वाटांनी आली त्या वाटांच्या आकारातच उभी दिसणार. फोकसबाहेरची टिकली म्हणजे भिंगाच्या तोंडाचाच आकार. कुरतडलेलं भिंग, कुरतडलेली टिकली.

मृण्मयी_ठाणे (दुपारी १२.१५)

काल रात्री उशिरा आम्ही प्रयोग केला आणि तोंडावर आपटलो. घरात भिंग सापडेना म्हणून नवऱ्याने स्वतःचा चष्मा काढून दिला. मेणबत्ती लावली, भिंतीपासून वेगवेगळ्या अंतरावर चष्मा धरून बघितला. अर्धी नाही, पूर्ण नाही, कसलीच प्रतिमा नाही! नुसती चष्म्याची सावली. नवरा म्हणतो, 'तुझ्या त्या लोकांना सांग, आधी प्रतिमा पाडून दाखवा, मग झाकू.'

चष्म्याचा काका (१२.३०)

वहिनी, साहेबांचा नंबर वजा असणार. वजा तीनच्या आसपास?

मृण्मयी_ठाणे (१२.३१)

वजा सव्वातीन. तुम्हाला कसं कळलं??

चष्म्याचा काका (१२.४८)

पस्तीस वर्षं दुकानात बसलोय. वजा नंबर म्हणजे अंतर्वक्र काच, ती प्रकाश पांगवते. भिंतीवर काही पडायचंच नाही, रात्रभर धरून बसलात तरी. काच वजा की अधिक हे ओळखायची आमची जुनी रीत सांगतो. काच हातभर लांब धरून तिच्यातून दाराची उभी चौकट बघा आणि काच हळूच डावी-उजवी हलवा. चौकट काचेच्याच दिशेने सरकली तर वजा, उलट्या दिशेने पळाली तर अधिक. यंत्रं यायच्या आधी नंबरही असाच काढायचो. माहीत असलेल्या उलट नंबराची काच त्याला जोडायची, चौकट हलायची थांबली की बरोबर.

तुम्ही घरातल्या ज्येष्ठांचा वाचायचा चष्मा घ्या. अधिक अडीचचा असेल तर एक मीटर भागिले अडीच, म्हणजे ४० सेंटिमीटरवर खिडकीबाहेरचं दृश्य भिंतीवर उलटं उतरेल. बायफोकल घेऊ नका, एका काचेत दोन नंबर असतात, पुन्हा भांडण व्हायचं.

तिरकस (१२.५५)

चाळिशी लागल्याचा एकमेव फायदा: भिंतीवर सिनेमा दाखवता येतो.

मृण्मयी_ठाणे (१.२०)

काका, धन्यवाद! सासूबाईंकडे चष्मा मागायला गेले तर त्यांनी पोथीसाठीचं मोठं गोल भिंगच काढून दिलं. वर म्हणाल्या, 'अगं, हे मला विचारायचंत ना. मोतीबिंदू होता तेव्हा मला कुठे अर्धी माणसं दिसत होती? सगळंच धुरकट दिसायचं. समोरून गाडीचा दिवा आला की नुसता पिंजारलेला कापूस.' नवरा एकदम गप्प.

चष्म्याचा काका (१.४५)

आजींना नमस्कार सांगा, लाखातलं बोलल्या. मोतीबिंदू हा डोळ्यातल्या भिंगाचा गढूळपणा. त्यामुळे चित्राचा तुकडा गायब होत नाही, सगळ्या चित्रावर धुकं येतं. तुकडा गायब होतो तो डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) इजा झाली तर. वहिनी, हे थोडं गंभीरपणे लिहितो: कोणालाही डोळ्यापुढे अचानक पडदा ओढल्यासारखी सावली दिसली किंवा मधोमध काळा डाग दिसू लागला तर चष्म्याच्या दुकानात येऊ नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

अवांतरबाई (२.०५)

आणि डोळ्यातला पडदा म्हणजे तिथेही प्रतिमा उलटीच, हो ना? मग मला नवरा सरळ कसा दिसतो?

तिरकस (२.०७)

दिसतो. असतो असं नाही.

खडूफळा (२.३०)

अवांतरबाई, उलटीच. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली हे ठामपणे मांडलं, आणि तुमची शंका त्यालाही भेडसावत होती. पुढे काय होतं हे आपलं काम नाही म्हणून त्याने तो प्रश्न सोडून दिला. खरं म्हणजे डोळ्याच्या आत बसून ती प्रतिमा बघणारा दुसरा कोणी माणूस नाही. वर-खाली ठरतं ते मेंदूत, हातापायांशी जुळवून. १८९० च्या दशकात स्ट्रॅटन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने जग उलटं दाखवणारी भिंगं डोळ्याला बांधून कित्येक दिवस काढले. हळूहळू तो त्यातही वावरायला शिकला.

आता मृण्मयीताईंच्या प्रयोगासाठी एक सूचना, नुसतं झाकू नका. जाड कार्ड घ्या आणि तेच कार्ड तीन जागी वरून खाली आणा. आधी पडद्याला लागून, मग वस्तूला लागून, मग भिंगाला लागून. काय दिसतं ते आधी सगळ्यांनी कागदावर लिहायचं, मग बघायचं. मी आत्ता सांगत नाही.

गच्चीवरचा (४.१५)

उशिरा आलो, पण माझ्या छंदाचा विषय निघालाय. परावर्ती दुर्बिणीत मोठ्या आरशाच्या पुढ्यात बरोबर मधोमध एक छोटा आरसा असतो, आलेल्या प्रकाशाचा थोडा भाग तो अडवतो. पुणे जिल्ह्यात गिरावलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे, तिच्यातही असाच. म्हणून चंद्राच्या मध्ये भोक दिसतं का? नाही. तारा मात्र फोकसबाहेर नेला की मेदुवडा दिसतो, मधल्या भोकासकट. आमच्या गच्चीवर पोरांना मी आधी मेदुवडा दाखवतो, मग फिरवत फिरवत त्याचा तारा करतो.

पण खरी मजा हेलिओमीटरची. त्यात दुर्बिणीचं पुढचं भिंग मधोमध चिरून दोन अर्धुकं केलेली असतात आणि ती एकमेकांना घासून सरकवता येतात. प्रत्येक अर्धुक आपली आपली पूर्ण प्रतिमा देतं. अर्धुकं जुळलेली असताना दोन्ही प्रतिमा एकावर एक, एक अर्धुक सरकवलं की त्याची प्रतिमाही सरकली. एका ताऱ्याची ही प्रतिमा शेजारच्या ताऱ्याच्या त्या प्रतिमेवर नेऊन बसवायची आणि किती सरकवावं लागलं ते स्क्रूवर वाचायचं, म्हणजे दोघांतलं कोनीय अंतर कळलं. फ्राउनहोफर या जर्मन भिंगवाल्याच्या कारखान्यात बनलेलं असं यंत्र प्रशियातल्या कोनिग्सबर्गला बेसेल या खगोलशास्त्रज्ञाकडे होतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत कणभर डुलतो. ते डुलणं त्याने हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्यासाठी मोजलं आणि १८३८ साली जाहीर केलं. एका अंशाचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एकापेक्षाही कमी! त्यावरून अंतर आलं साधारण १० प्रकाशवर्षं. आजचा आकडा ११.४.

म्हणजे ताऱ्याचं अंतर पटण्याजोगं मोजलं गेलं ते अर्ध्या-अर्ध्या भिंगांनी. अर्ध्या भिंगाची प्रतिमा अर्धी असती तर बेसेल घरीच बसला असता.

वऱ्हाडी ठेचा (४.२२)

क्लासच्या सरायले बेसेलचा पत्ता द्या कोनी तरी.

शंकासुर (५.००)

ओहायोकरांचं बोटाचं उत्तर पटलं. दोन तास मोबाइलशी झटत होतो. फोन दूर धरून बोट पुढे-मागे केलं की काचेपासून जितकं लांब तितकी बोटाची कड रेखीव, आणि जवळ येईल तशी पुसट होत जाते. काचेच्याही आत न्यायला जागा असती तर पार विरली असती, असं दिसतंय. तूर्त मत बदलतो. मिसळ मात्र राहिली.

मृण्मयी_ठाणे (रविवार, रात्री १०.३०)

निकाल घेऊन आले आहे. लांबलचक आहे, सावकाश वाचा.

आधी पोथीच्या भिंगाचं नाभीय अंतर काढलं. बाल्कनीच्या दारासमोरच्या भिंतीवर धरलं तर समोरच्या इमारतीतल्या दोरीवरचे कपडे उलटे वाळत होते. रंगीत, वाऱ्यावर हलणारे! सासूबाई उठून जवळ आल्या बघायला. अंतर १५ सेंटिमीटर भरलं. मग चिरंजीवाने मोबाइलच्या टॉर्चवर बटर पेपर लावला, त्यावर स्केचपेनने बाण काढला, आणि मोबाइल भिंगापासून ४५ सेंटिमीटरवर ठेवला. सूत्राने प्रतिमा साडेबावीसवर यायला हवी, आली तेवीसला. उलटा, निम्म्या आकाराचा बाण. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. इतके दिवस ते सूत्र फक्त वहीत होतं.

मग व्हिजिटिंग कार्डाने भिंगाचा वरचा अर्धा भाग झाकला. बाण पूर्ण. टोकही जागेवर, शेपूटही जागेवर.

नवरा म्हणतो, 'ठीक आहे, पूर्ण आहे, पण मंद कुठे झाली? मला फरकच दिसत नाही. म्हणजे मुलाचंही उत्तर अर्धं चूक.' आधी ट्यूबलाइट चालू होती हे लक्षात आलं, ती बंद केली. तरी तो मानेना. मग चिरंजीवाने माझ्या फोनचा कॅमेरा प्रो मोडला नेला आणि पडद्यावरच्या बाणाचा फोटो काढला. उघड्या भिंगाला शटर १/६० सेकंद लागलं होतं, झाकल्यावर तेवढाच उजळ फोटो यायला १/३० करावं लागलं. उजेड निम्मा झाला की आपल्या डोळ्याला फारसं कळत नाही, कॅमेऱ्याला बरोबर कळतं.

खडूफळा सर, तुमचं कार्ड. पडद्याजवळ वरून आणलं तर प्रतिमेचा वरचा भाग गेला, ते सगळ्यांचं बरोबर आलं. मोबाइलजवळ वरून आणलं तर प्रतिमेचा खालचा भाग गेला, इथे माझं चुकलं, बाकी सगळ्यांचं बरोबर. मग नवऱ्याने कार्ड मोबाइलपासून हळूहळू भिंगाकडे सरकवायला सुरुवात केली. कापलेली कड पुसट होत गेली, पसरत गेली, आणि भिंगाशी पोचल्यावर कडच उरली नाही. पुढे पडद्याच्या बाजूला नेल्यावर परत उगवली, पण आता वरून! हे त्याने किमान दहा वेळा केलं. पुढे, मागे, पुढे, मागे. एक शब्द बोलला नाही. शेवटी म्हणाला, 'खालून खायचं की वरून खायचं हे भिंगाशी बदलतंय, म्हणजे मधोमध ते कुठूनच खाऊ शकत नाही.' मेकॅनिकलवाल्याला त्याच्या भाषेत पटलं बहुतेक.

मग जुनाफोटोवाल्यांच्या भाकरीसाठी काळ्या कागदात चांदणी कापून भिंगावर लावली आणि दिवाळीची एलईडी माळ समोर धरली. फोकसमध्ये नुसते ठिपके. कागदाचा पडदा मागे घेतला की भिंतभर चांदण्या. पुढे आणला तरी चांदण्या, पण उलट्या. सासूबाईंनी दोनदा करायला लावलं.

आता चिरंजीवाचा प्रश्न राहिलाय, आणि त्यावर मी, नवरा, सासूबाई तिघंही गप्प. पडदा काढून घेतला की प्रतिमा कुठे जाते?

खडूफळा (१०.५५)

ताई, वाचून तीस वर्षांचं सार्थक झालं म्हणा.

प्रतिमा कुठेही जात नाही. प्रकाश त्या जागी एकत्र येतोच, पडदा नसल्याने तो तिथे न थांबता पुढे निघून जातो. पडदा होता तेव्हा त्याच्या खडबडीतपणामुळे प्रकाश सगळीकडे उडत होता, म्हणून खोलीत कुठूनही दिसत होतं. आता तो फक्त समोर जातोय, म्हणून बाजूला उभ्या माणसाला काहीच दिसत नाही. मुलाला सांगा, टॉर्चचा उजेड एकदम कमी कर, पडदा काढ, आणि पडदा होता तिथून अजून हातभर मागे जाऊन भिंगाच्या बरोबर समोर डोळा आण. उलटा बाण भिंगाच्या अलीकडे हवेत लटकलेला दिसेल. तिथे बोटाचं टोक धरलं तर बोट आणि बाण एकाच अंतरावर आहेत हेही जाणवेल. नाही तर पडद्याच्या जागी पांढरी पट्टी भराभर वर-खाली हलवा, बाण हवेत उमटतो. आजींच्या देवघरातली उदबत्ती आणली तर धुरात प्रकाशाचा निमुळता होत जाणारा शंकूही दिसेल.

गच्चीवरचा (११.०२)

दुर्बिणीत आपण तेच करतो. हवेत लटकलेल्या प्रतिमेकडे नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) बघतो, तिथे पडदा कधी नसतोच.

मृण्मयी_ठाणे (११.४०)

दिसला! हवेत! नवऱ्याने पकडायला हात पुढे केला आणि मग आम्ही बघतोय हे लक्षात आल्यावर डोकं खाजवलं.

गुणांचं म्हणाल तर चिरंजीव उद्या भिंग आणि कार्ड क्लासला नेणार आहे. सर काय म्हणतात बघू. मी त्याला आधीच सांगितलंय, आवाज चढवायचा नाही, नुसतं झाकून दाखवायचं.

इषय हार्ड (११.४४)

ते सगळं ऱ्हाऊ दे वहिनी. भांडी?

मृण्मयी_ठाणे (११.४८)

'अर्धी'वाले दोघं होतो, म्हणून वाटून घेतली. सोम-बुध-शुक्र तो, मंगळ-गुरु-शनि मी, रविवारी दोघं.

तिरकस (११.५०)

म्हणजे रोज एकच माणूस. भांडी पूर्ण निघतील, चमक निम्मी.